वापरू नये

गोळे कॉलनीत औषधांची खोकी ओलांडत
दुसऱ्या मजल्यावर जायचं.
तिथे दर शनिवारी शब्दांची बैठक असते.
लांब टेबल, सहा तज्ज्ञ, कुरकुरता पंखा
आणि टोकाला मी,
टंकलेखनापुरती.

नियम भिंतीवर चिकटवलाय:
एक वस्तू, एक शब्द, एक क्रमांक.

पहिला महिना पेशीतच गेला.
वैद्य निरगुडे म्हणाले, आमच्या ग्रंथांत पेशी म्हणजे मांस,
कुस्तीगिराच्या मांडीवर दिसतं ते.
गायधनीबाई म्हणाल्या, तीन पिढ्यांची पोरं
कांद्याचा पापुद्रा भिंगाखाली ठेवून
वहीत पेशीच काढत आलीत.
त्या वह्या कोण खोडणार?
कांदा लासलगावचा, म्हणजे साक्षीदार घरचाच.
चार विरुद्ध दोन. पेशी राहिली.

स्नायू तर तीन घरचा पाहुणा निघाला.
संस्कृतात दोरी, हिंदीत नस,
आपल्याकडे जिममधल्या पोराचा दंड.
त्या दिवशी चहा दोनदा आला.

मला तंतुकणिका आवडते.
कुणाच्या तरी धाकट्या मुलीचं नाव असावं तशी.
ती आईकडूनच येते म्हणे, फक्त आईकडून.
हे कळलं तेव्हा मी कळफलकावरचे हात उचलून
क्षणभर मांडीवर ठेवले होते.

तक्त्याला पाच रकाने.
शेवटच्याचं शीर्षक: समानार्थी, वापरू नये.
प्लीहा आली तशी पाणथरी तिकडे गेली.
शीर गेली, कारण ती रक्ताचीही असते, वेदनेचीही.
ढोपर गेलं. कुणाचा गुडघा, कुणाचा कोपर.
काळीज खाटकाकडे मागितलं तर यकृत मिळतं,
लेकीला म्हटलं तर हृदय.
पिंजारी सर म्हणाले, संदिग्ध.
लाल शेरा.
माझी आई ज्या शब्दांनी आजारी पडायची
ते सगळे एका रकान्यात, खाली खाली
दाटीवाटीनं बसले.

याआधी अकरा वर्षं मी सिव्हिलच्या खिडकीत
केसपेपर लिहायची.
नवीन असताना, एकदा, पेठहून पहिल्या एसटीनं
सोमी भोये आली.
काय होतंय, मी विचारलं.
मागच्या रांगेकडे बघून, गजाला ओठ लावून ती म्हणाली,
अंग बाहेर येतंय.
मी लिहिलं, अंगदुखी.
तिला गोळ्या मिळाल्या, चार दिवसांच्या.
तिनं त्या पदराच्या गाठीत बांधल्या
आणि माझ्याकडे पाहिलं,
बरोबर माणसाला बरोबर सांगून झाल्यासारखं.

दिवाळीनंतर आली ती डोलीतून.

परवा गर्भाशयभ्रंश मंजूर झाला.
देखणा शब्द. जोडाक्षरं सरळ, क्रमांक दोनशे सहा.
मी विचारलं,
खरं तर टंकलेखिकेनं विचारायचं नसतं,
अंग बाहेर येणं, हे कुठे टाकू?
निरगुडे म्हणाले, अंग चौदाव्या क्रमांकावर आहे ना?
एका शब्दाला दोन जागा नाहीत.
त्यांचं चुकलं नव्हतं.
खिडकीत मला फसवलं होतं ते
ह्याच एका शब्दाच्या दोन जागांनी.
गायधनीबाई चष्मा पुसत राहिल्या,
काच कधीच स्वच्छ झाली होती तरी.

मग मी टाकलं ते शेवटच्या रकान्यात.
वापरू नये.
आणि खाली, टीपेच्या बारीक अक्षरात,
कुणी न सांगता:
पेठ, सुरगाणा, हरसूल.
बाई हे हळू आवाजात म्हणेल.
पुन्हा विचारावे. रांग थांबवून विचारावे.

मुद्रणप्रत सोमवारी गेली.
दोन तपासण्या झाल्या, अजून कुणी खोडलेलं नाही.
जिना उतरताना खालचा पोऱ्या ओरडला,
ताई, अंग चोरून जा, सलाईनचे बॉक्स आहेत.
मी चोरलं.