उणे वीस

मी बर्फ पाहिलाय तो रसवंतीतला,
गोणपाटात गुंडाळलेला, भुसा चिकटलेला.
पण स्पीतीचं शेवाळ, तिकडचं दगडफूल
(गोड्या मसाल्यातल्याचं लांबचं भावंड)
एकोणीस वर्षं माझ्या हाताखालून जातंय
पाषाणच्या या तळमजल्यावर.

पाकिटावर मॅडमचं गिचमिड अक्षर :
‘धोंड्याची उत्तर बाजू. बर्फ जुलैपर्यंत.’
लगेच दुसरं : ‘त्याच धोंड्याची दक्षिण बाजू. कोरडं.’
एक धोंडा, आणि दोन अंगांना
एकमेकांचं तोंड न पाहिलेली दोन गावं.

एवढ्याशा चढाला चाळीस पाकिटं कशाला?
विचारलं होतं मी, नवीन असताना.
‘ढवळे, तिथे वीतभर खळगा म्हणजे तालुका.
वारा चुकतो, पाणी थांबतं,
तेवढ्यावर कुणीतरी संसार मांडतं.’

गेल्या भाद्रपदात खोकं आलं.
तोच चढ, तेच चाळीस खळगे.
नोंदवहीत नाव लिहिता लिहिता
हात न बघता चालू लागला :
तेच. तेच. पुन्हा तेच.
वाटलं, माझंच चुकलं. पहिल्यापासून तपासलं.
मॅडम चष्मा पुसत राहिल्या, बराच वेळ.
‘बर्फ मे महिन्यातच गेला,’ एवढंच म्हणाल्या.

मला आमची टेकडी आठवली.
मामा शेळ्या चारायचा तिथे. कातळावर
पाणी झिरपायचं तिथं सीतेची आसवं,
हातभर पलीकडे, मुरमाड जागी, दीपकाडी.
मग शाळेतून आम्हालाच नेलं खड्डे खणायला.
गिरीपुष्प लावलं. टाळ्या वाजवल्या. खाऊ मिळाला.
टेकडी हिरवी झाली,
एकच हिरवी.

परवा रात्री वीज गेली, जनरेटर खोकून गप्प.
फ्रीजरचा आकडा उणे वीसवरून
उणे चौदा, उणे नऊ...
सूस रोडच्या रसवंतीवाल्याला उठवलं.
‘एवढ्या रात्री रस कुणाला?’
‘रस नको, लादी दे.’
स्कूटरवर पायांत धरून आणली,
बोटं बधिर, पँट ओली,
फोडून रचली पाकिटांभोवती.

सगळ्यात जुनी दोन हाताला लागली :
उत्तर बाजू, दक्षिण बाजू.
ती शेजारी-शेजारी नाही ठेवली मी.
मधे लादीचा एक तुकडा ठेवला,
धोंड्यासारखा.