सात नंबरचा वाफा

साडेपाचला चिखल उघडा पडतो
म्हणून चारलाच निघतो दोह्याहून.
मागच्या सीटवर मौझा,
तिच्या मांडीवर प्लास्टिकच्या नळ्यांची चौकट,
अर्धा मीटर बाय अर्धा मीटर,
झोपलेलं पोर सांभाळावं तशी धरलेली.
अल खोरच्या पुढं डांबर संपतं. मग होडी.

इथं तिवराला कुर्म म्हणतात.
पहिल्या वर्षी कुणीतरी म्हणालं, चला, कुर्म दाखवतो,
आणि मी तासभर कासव शोधत होते.

माझं काम असं:
चौकट चिखलावर ठेवायची,
आतली खेकड्यांची बिळं मोजायची,
उचलायची, दहा पावलं पुढं ठेवायची.
अनुदानाच्या अर्जात याला दोन ओळींचं नाव आहे.
होडीवाला शब्बीर होडेकर, मूळचा दाभोळचा,
त्यानं ते तीन शब्दांत आणलंय:
मॅडम भोकं मोजतात.

हसा. पण बिळातून पाणी खेळतं, हवा उतरते,
मुळांचा मीठ-कोंडा थोडा सैल होतो,
आणि सेहेचाळीस अंशांच्या दुपारी
झाड उभं राहतं
नखाएवढ्या कुणाच्या तरी खणण्यावर.
असं मला वाटतं.
वाटण्यापासून दाखवण्यापर्यंत
चार उन्हाळे गेलेत, अजून पोचले नाही.

ऑगस्टच्या सोळा तारखेला
सात नंबरच्या वाफ्यात एक पान नव्हतं.
बेचाळीस रोपं, बेचाळीस काड्या,
काडीकाडीला माझ्या अक्षरातली पत्र्याची पट्टी.
मौझानं पाण्याची क्षारता घेतली. पुन्हा घेतली.
मी जुलैचं तापमान मनात मांडत होते,
शोधनिबंधाचा मथळाही सुचला.
खोटं कशाला बोलू,
पोटात खड्डा पडलेला असतानाही मथळा सुचतो.

शब्बीर पाण्याकडं बघतच नव्हता.
वाकून त्यानं चिखलातला ठसा दाखवला,
भाकरीएवढा, पुढून चिरलेला.
"लिवा," म्हणाला, "उंट."

विद्यापीठातल्या समितीला मी वर्षानुवर्षं सांगत आले,
उंटावरून शेळ्या हाकू नका, खाली चिखलात या.
समिती आली नाही.

तक्त्यात उंटाला रकाना नाही.
तापमान आहे, क्षारता, विरघळलेला प्राणवायू,
आणि अगदी कडेला, चिंचोळा, शेरा,
जिथं आम्ही दर खेपेला एक आडवी रेघ मारतो.
मौझानं तिथं अरबीत लिहिलं.
उजवीकडून निघालेला शब्द रकान्यात मावला नाही,
प्राणवायूच्या आकड्यावर जाऊन टेकला.

तिचे आजोबा उन्हाळ्यात उंट इथंच आणायचे म्हणे,
कुंपण नव्हतं तेव्हा.
"आमच्याकडं म्हशीला घालतात तिवर,"
शब्बीर इंजिनाशी बोलल्यासारखा बोलला,
"दूध वाढतं."
मौझा बुटांचा चिखल धूत होती.
"मॅडम, त्यांनी आपला वाफा खाल्ला,
की आपण त्यांच्या कुरणात पट्ट्या बांधल्या?"

वर्गात कुणी विचारलं असतं
तर फळ्याकडं वळून काहीतरी बोलले असते.
इथं फळा नाही.
मी चौकट घेऊन पुन्हा वाफ्यात गेले.

काड्यांच्या मध्ये ठेवली, गुडघ्यांवर बसले, मोजलं.
सव्वीस.
उठता उठता दिसलं, ठशात पाणी साचलंय,
आणि त्याच्या ओल्या काठावर
तीन बारीक बिळं, ताजी,
बाहेर वाळूच्या गोळ्या अजून वाळलेल्या नाहीत.
चौकटीची नळी बरोबर त्यांच्यावरून गेलेली,
अर्धी आत, अर्धी बाहेर.

नियम माझाच आहे:
डाव्या कडेवरचं धरायचं, उजव्या कडेवरचं सोडायचं.
मी कुठून आत आले होते
ते आठवत बसले.
भरतीचं पाणी घोट्याला लागलं
आणि शब्बीरनं होडीतून हाक मारली,
"किती लिवू?"