मचूळ

हा समुद्र ना धड खारा, ना गोडा.
मचूळ.
तोंडात धरलं तर थुंकवत नाही, गिळवतही नाही.
चहूबाजूंनी देश दाटलेले,
बाहेर पडायला एक चिंचोळी सामुद्रधुनी.
आत शिरलेलं पाणी तीस-तीस वर्षं
मुक्काम हलवत नाही.

नोव्हेंबरात किह्नू बेटावरून एवाल्ड हेरिंग आणतो,
बर्फाच्या खोक्यात, मोजून वीस माद्या.
त्या दिवशी मी हाताला क्रीम लावत नाही.
फॉइल अ‍ॅसिटोननं धुते,
माशाच्या कानातल्या खड्यावरची वलयं मोजते:
ही चार वर्षांची, ही सहा,
ही नऊ.
नऊवालीत जास्त निघणार हे सुरी लावायच्या आधीच ठाऊक.
चरबी काही विसरत नाही.

"आहे का गं त्यात ते?" एवाल्ड दारातूनच विचारतो.
आहे. दरवर्षी थोडं कमी.
"मग उरलेल्या दे परत,
बायकोला धुरी दिलेल्या आवडतात."

बंदी आली तेव्हा मी जन्मलेही नव्हते.
कारखान्यांची छपरं उडाली, साहेब मेले,
ट्रान्सफॉर्मर भंगारात गेले.
पडद्यावरची रेघ मात्र सपाट चालता चालता
ठरल्या मिनिटाला उठून उभी राहते,
हजेरीत नाव पुकारल्यासारखी.

एकदा आईला सांगून बसले:
बाईच्या अंगातून ते बाहेर पडायची वाट म्हणजे दूध.
पहिलटकरणीचं सगळ्यात जास्त जातं,
पुढच्या पोराला कमी.
सांगायला नको होतं.
आई बटाटे सोलत होती. सोलतच राहिली.
"पॅर्नूच्या इस्पितळात दोघीजणी आल्या होत्या,
बाटलीभर मागत होत्या. दिलं.
बाकीचं तू प्यायलीस."
मग बऱ्याच वेळानं,
"भूक फार होती तुला."

तळघरातल्या फ्रीझरमध्ये त्या बाटल्या अजून आहेत,
उणे ऐंशीत, नावं नाहीत, नुसते आकडे.
किल्ली माझ्याकडेच असते.
वर्षातून एकदा बर्फ खरवडते, झाकण लावते.
अहवालात एक रकाना असतो, 'मोजता आलं नाही'.
तिथं शून्य लिहायचं नसतं,
नव्या पोरांना मी पहिल्या दिवशी हेच शिकवते.

रविवारी आईकडे हेरिंग.
पोटाकडचा मऊ, पांढरा भाग
मी न बोलता ताटाच्या कडेला सारते.
ती न बोलता उचलते,
खाते.