तास

पवनीच्या जवस केंद्रात, मागच्या खोलीत
एक चुंबक आहे, माठाएवढा.
त्याच्या पोटात काचेची नळी, नळीत चिमूटभर दाणे.
धक्का दिला की दाण्यातलं पाणी लगेच खाली बसतं,
रोवणीवरून आलेल्या बाईसारखं.
तेल मात्र रेंगाळतं.
त्या रेंगाळण्यावरून मी वहीत लिहिते: एकेचाळीस टक्के.

पण एका धक्क्याला एकच आकडा.
मग थांबा, सगळं जागच्या जागी येऊ द्या,
पुन्हा धक्का, जरा उशिरानं.
असे बत्तीस. तेलाचं भटकणंही मोजायचं
तर बत्तीस वेळा बत्तीस.
आणि अकराला लाइन जाते.

ही रड मी वच्छला नेवारेला सांगितली,
धुऱ्यावर डबा खाताना. ती म्हणाली,
"वाढ पाहाले रोज कायले येता जी?
एकेक तास एकेक दिवस उशिरा पेरा,
मंग एकाच दिवशी चाला इकडून तिकडं.
सारे दिवस उभे दिसतीन."

नव्या पद्धतीचे कागद चार महिने
माझ्या उशीखाली होते. त्यात हेच होतं:
नळीचे आडवे काप, सुरीविना,
प्रत्येक कापाचा उशीर वेगळा,
सगळे उशीर एका धक्क्यात वाचायचे.
खरखर वाढते. वाढू दे.

आज दहा पन्नासला नळी ठेवली.
पडद्यावर रेघ उतरत गेली,
पाण्यापाशी तुटकी, तेलापाशी लांब.
एक्कावन्नला दार उघडून मी ओरडले,
"वच्छलाबाई, झालं! तास वाचला!"

ती निंदणाला वाकलेली. मान वर न करता म्हणाली,
"कितवा?"