नमुना क्रमांक सात

शहादा. मे महिना, रात्रीचे साडेनऊ.
गच्चीवर दोनदा पाणी मारलं, तरी फरशी तळव्याला चावते.
हजर पंच: एक, भास्कर जगताप, लेडीज टेलर, राहणार शेजारी.
दोन, माझी भाची ऋजुता, परवाच परदेशातून आलेली,
सहा छोट्या बाटल्या मोज्यांत गुंडाळून.
लिहिणार मी,
उत्तम झिपरू देवरे, निवृत्त जमादार, दारूबंदी खातं,
नोकरी एकतीस वर्षं, नाक अजून शाबूत.

"मामा, घोट घे आणि काय वाटलं ते लिही."
मला लिहिता येतं ते एकाच भाषेत.

नमुना एक. रंग वाळल्या गवताचा.
वास भिजल्या जवाचा, मागून थोडा पेरू.
स्पे नावाच्या नदीकाठची भट्टी.
नदी केवढी?
आपल्या गोमाईएवढी, म्हणाली, फक्त तिला पाणी असतं.

नमुना दोन. रंग काकवीचा.
लाकडी पिंपात अठरा वर्षं निजवलेली.
अठरा वर्षं!
आमच्या हद्दीत दारू अठरा तास टिकली
तर समजायचं, जमादार मिंधा आहे.
वास मनुकांचा, चामड्याचा, नव्या वहीच्या पुठ्ठ्याचा.
पंच क्रमांक एक म्हणतात, सागवानी कपाट उघडल्यागत.
नोंद घेतली.

तिसरीच्या वेळी ऋजुता सांगू लागली,
पिंपातली थोडी दरवर्षी हवेत उडून जाते,
तिकडं तिला देवदूतांचा वाटा म्हणतात.
आमच्या रजिस्टरात तिला तूट म्हणायचे
आणि ती साहेबाच्या बंगल्यावर जायची.
भास्कर म्हणाला, आपल्या उन्हात देवदूत
अख्खं पिंप पितील
आणि वरून भाजलेलं बिबडं मागतील.
बिबडं मोडलं, शेंगदाणे, तेल, तिखट.
चव लिहायची राहिली.

चार आणि पाच एकत्र नोंदवतो. खारट.
समुद्र न पाहिलेल्या माणसाचा जबाब आहे,
ग्राह्य धरावा न धरावा.

मग मोबाइलवर भट्ट्यांचे फोटो.
तांब्याचे हंडे, बगळ्याच्या मानेचे, लखलखीत,
धार पडते ती काचेच्या पेटीत, पेटीला कुलूप.
"पूर्वी किल्ली तुझ्या खात्याच्या माणसाकडे असायची, मामा.
तो भट्टीशेजारीच राहायचा, बायकामुलांसकट."
मी फोटो बोटांनी मोठा केला.
शेजारी राहायचा.
म्हणजे फोडायला नाही.

नमुना सहा. बेटाचं नाव विचारलं.
"आयला."
शिव्या नको देऊ गं, नाव सांग.
"तेच नाव आहे, आयला!"
भास्करला ठसका. एक घोट वाया, कारण नमूद.
मग ग्लास नाकाशी नेला.

धूर.
तिथं जव मातीच्या धुरावर सुकवतात म्हणे,
जळणारी माती, दलदलीतून खणलेली.
मला कुठली दलदल. मला दिसला
तोरणमाळच्या खालच्या अंगाचा ओढा,
सागाच्या पाल्याआड मडकं, बांबूची नळी,
वर गार पाण्याचं घमेलं,
आणि बाकी सगळे पळाल्यावर उरलेली रुमालीबाई,
मोहाच्या फुलांनी बोटं चिकट,
पहिली धार ओंजळीतून जमिनीला देत,
कुणाचं तरी नाव पुटपुटत.
मी लाठी उचलली.
ती म्हणाली,
फोडी टाक, साहेब. पन पहिलं चाखी तं ले.

ऋजुता म्हणते, थेंबभर पाणी घाल, उघडते.
घातलं.
उघडली.

पंचांच्या सह्या झाल्या. भास्कर खाटेवर तसाच झोपला.
रिकाम्या बाटल्या सहा, ताब्यात घेतल्या.
कागदाला जागा उरलीय म्हणून लिहितो:

नमुना क्रमांक सात.
मिळाल्याचं ठिकाण वर नमूद ओढा, एप्रिल सत्त्याऐंशी.
मालकीण रुमालीबाई वेस्ता पावरा.
रंग पाण्याचा.
वास अजून येतोय.
चव
मुद्देमाल जागीच नाश केला.