रकाना

एकतीस मार्चनंतर सपोर्ट नाही, असं त्यांनी कळवलंय.
जुनं बंद. नवं त्यांच्याकडेच राहील,
आपण दर महिन्याला भाडं भरून बघायला जायचं.
अठरा हजार रोख दिले होते मी. पावती आहे.
दापोलीत लाईट गेली की हर्णैची रेंज जाते
हे कुणाला सांगायचं, त्याचा नंबर पत्रात नाही.

सत्त्याण्णव साली खांबेटे एसटीने आले होते,
मांडीवर फ्लॉप्यांचा डबा, तोही ओला.
कंप्रेसरच्या धडधडीत दोन दिवस टंकत बसले,
तिसऱ्या दिवशी म्हणाले, तोडणकर,
बर्फाच्या उधारीला देय तारीख काय टाकू?
म्हटलं, तारीख नसते.
ते उठून खिडकीशी गेले.
खाली लाद्या फुटत होत्या, होड्या भरत होत्या.
परत आले आणि एक रकाना काढला,
चाळीस अक्षरांचा, रिकामा.
त्याला नाव दिलं: कधी.

तेव्हापासून मी लिहीत आलो
मोरेश्वर पावसे, कोळंबी लागली की.
चोगले धाकटा, इंजिन सुटलं की.
दर्या निवला की. पोरगा मस्कतहून आला की.
एकदाच, नफीसा होडेकरच्या नावापुढे,
बोट परत आली नाही त्या वर्षी:
मागू नये.

काल फोनवरची मुलगी गोड बोलत होती.
सर, तारीख सक्तीची आहे, लाल चांदणी दिसते ना?
आणि 'कधी'?
तो रकाना आमच्याकडे येत नाही सर.
काहीही टाका, नंतर बदलता येतं.
त्या तारखेला सकाळी नऊ वाजता
सिस्टिम आपणहून मेसेज पाठवते,
तुम्हाला काहीच करावं लागत नाही.

तेच तर.

रात्री कारखान्यात एकटा बसलो.
पावसेला ऑगस्ट दिला, चोगलेला दिवाळी,
खोटं खोटं, पोराच्या जन्मतारखेसारखं शाळेत घालताना.
नफीसापाशी थांबलो.
रिकामं सोडलं, घेईना. शून्य टाकलं, घेईना.
मग पुढे पुढे जात राहिलो
जिथवर यंत्र जाऊ देतं तिथवर:
एकतीस डिसेंबर दोन हजार नव्व्याण्णव.
घेतलं. हिरवी खूण आली.

तेव्हा ती नसेल, मी नसेन,
हा कारखाना तर नसेलच.
नंबर मात्र तिच्या नातवाचा दिलाय.
आठ वर्षांचा आहे.