कल्ल्यातले दाते

नेल्लीमच्या धक्क्यावर सप्टेंबरातच बोटं आखडतात.
ऊला कूवा जाळं ओढतो, मी वही उघडते.
संस्थेची वही. पानोपानी प्रश्न,
असेल तर पान चार, नसेल तर पान सात.

पाठीवर, शेपटीच्या जरा अलीकडे,
चरबीचा बिनकाट्याचा इवलासा पर आहे का?
आहे. पान चार.
मोठा पर शिडासारखा उभा, जांभळट ठिपक्यांचा?
मग हार्यूस. नाकाशी धरला
तर ओव्याच्या जवळचा काहीतरी वास येतो,
हे वहीत नाही, ऊलाने सांगितलं.
गडद अंगावर फिकट ठिपके, पोटाच्या परांना
खडूने ओढल्यासारखी पांढरी किनार: राउतू.
फिकट अंगावर गडद ठिपके: ट्राउट,
तोच सदरा, उलटा घातलेला.
हनुवटीखाली एकच मिशी, बुळबुळीत, हातात न ठरणारा माडे.
त्याला कोण वही उघडून बघतंय!

खरी पंचाईत चांदीवाल्यांची.
वरचा ओठ खालच्यावर उतरलेला, तळाचं वेचून खाणारा, तो सीका.
खालचा जबडा पुढे, तोंड आभाळाकडे, तो मुइक्कू,
कुणीतरी बाहेरून आणून सोडलेला,
आता इथलाच.
आणि सीक्यांत पुन्हा घराणी.
ती बाहेरून कळत नाहीत.
कल्ल्याचं झाकण उचलायचं, पहिली कमान कापून बशीत घ्यायची,
लाल झालरीच्या आतल्या अंगाला
फणीसारखे पांढरे दाते असतात,
ते चिमट्याच्या टोकाने एकेक मोजायचे.
वीस-बावीस: तळाचा, जाड घास घेणारा.
तिशी ओलांडली: रीस्का, पाण्यातली धूळ गाळून जगतो.
चाळिशीच्या वर गेलं की मुइक्कू.

ऊला मोजत नाही.
पाठीवरून अंगठा फिरवतो आणि टोपलीत टाकतो.
मागाहून मी मोजते,
दहांत नऊदा तो बरोबर.
आणि दहाव्याला?
"दहाव्याला मासा चुकलेला असतो."

आज तो दहावा आला.
सदतीस. पुन्हा मोजले, सदतीस.
ओठ वर नाही, खाली नाही, ओठाला ओठ नेमका मिळालेला.
पान चार म्हणतं सात बघ, सात म्हणतं चार.
मी मासा ऊलापुढे धरला.
त्याने माशाकडे पाहिलंच नाही.

"लेम्पीची ना तू?
लेम्पीचा चेहरा बसका, मऊ.
मोजताना तू जबडा पुढे काढतेस,
ते वळण पादारांच्या घरचं.
आन्ते असाच काढायचा, जाळं विणायला बसला की."
आणि वारा फिरल्याचं सांगावं
इतक्या सहज सांगून
तो पुढच्या दोराकडे वळला.

माझ्या कागदांवर त्या रकान्यात एक आडवी रेघ आहे.
लहानपणी विचारलं की आई
लाकडं आणायला बाहेर जायची,
चुलीजवळ ढीग असला तरी.

आन्ते पादार शाळेची टॅक्सी चालवायचा.
सहा वर्षं मी त्याच्या मागच्या सीटवर बसून गेले,
अंधारात जायचं, अंधारात यायचं.
रेनडियर आडवे आले की तो हॉर्न न वाजवता थांबून राहायचा.
आरशात त्याचे फक्त डोळे दिसायचे.
डोळे कुणाचेही असू शकतात.
माझ्या फाटकाशी तो दिवे जरा जास्त वेळ चालू ठेवायचा,
मला वाटे, बर्फामुळे.

वहीत 'जात' असा रकाना आहे.
पेन्सिल तिथे नेली, परत आणली.
ऊला म्हणाला, "लिही ना काहीतरी,
गार पडला की कळणार नाही."

कमान पुन्हा बशीत ठेवली, वर थेंबभर पाणी.
जबडा मुद्दाम आत ओढून घेतला
आणि सुरुवात केली. एक. दोन. तीन.
अकराव्या दात्याला लक्षात आलं,
तो पुन्हा पुढे आला होता.